पहिल्यांदा ऐकल्यासारखं

"पोलिसांना कळवलंत?" वहिनींनी विचारलं.

निर्मात्यानं रुमालानं मान पुसली. "बाई, बारा वर्षं मी पोलिसांची मालिका काढतोय. आमच्या ठाण्यात एकही गुन्हा उकलल्याशिवाय राहत नाही. आणि आमच्याच कपाटातून चोरी झाली म्हणून मी खऱ्या पोलिसांकडे जाऊ? जगात हसं होईल माझं."

"म्हणून माझ्याकडे आलात."

"तुमच्या तोंडून शब्द बाहेर जात नाही असं ऐकलं."

खिडकीजवळ वर्तमानपत्र वाचणारे भाऊजी खाकरले. ते वहिनींचे धाकटे दीर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. गाडी चालवायची, चहा करायचा आणि चुकीचा अंदाज सांगायचा, ही कामं त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. ते वहिनी म्हणत, म्हणून सगळेच वहिनी म्हणू लागले.

वहिनी पूर्वी पोलीस खात्यात होत्या. खात्यात बायका कमी, त्यामुळे कुणाच्या घरी जाऊन वाईट बातमी सांगायची वेळ आली की त्यांनाच पुढे करत. नवरा गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं.

"गेलंय काय नेमकं?"

"एक प्रसंग," निर्माता म्हणाला. "येत्या शुक्रवारच्या भागातला. साहेबांच्या मुलीचा खून होतो आणि त्यांना ते सांगितलं जातं, तो. परवा चित्रित केला. मूळ डिस्क आणि तिची नक्कल, दोन्ही संकलनाच्या खोलीतल्या कपाटात होत्या. काल सकाळी कपाट उघडलं तर रिकामं."

"साहेब म्हणजे?"

"ठाण्याच्या प्रमुखाचं काम करणारे. इतकी वर्षं ती वर्दी घालतायत, आता चहावालासुद्धा त्यांना साहेबच म्हणतो. बाई, परवा त्यांनी जे काम केलं ना, तसं मी आयुष्यात बघितलं नाही. प्रकाशयोजनेची पोरं रडत होती."

"संशय कुणावर?"

निर्मात्यानं खुर्ची पुढे सरकवली. "दुय्यमवर. मालिकेत तो दुय्यम अधिकारी आहे, सगळे त्याला तेच म्हणतात. ती बातमी सांगणारा तोच. गेलं वर्षभर त्याचं बिनसलंय. चार वाक्यं धड येत नाहीत. ऐन रंगात आलेला प्रसंग अडखळून घालवतो. आणि साहेबांना एकटं म्हणून दिसू देत नाही, सारखा त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा. मी त्याला काढणारच होतो. परवा तिसऱ्या टेकनंतर, सगळे टाळ्या वाजवत असताना, 'मला जमणार नाही' म्हणून निघून गेला. आणि काल सकाळी राजीनामा."

"जळफळाट," भाऊजी वर्तमानपत्रामागून म्हणाले. "उघड आहे."

"तुम्ही गाडी काढा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

*

चित्रीकरणाची जागा म्हणजे एक उंच पत्र्याची शेड. आत शिरलं की थेट पोलीस ठाणं. टेबलं, फायलींचे ढीग, कोठडीचे गज. भाऊजींनी गजांना हात लावून बघितला आणि चमकून मागे घेतला. लोखंडच होतं.

"आमच्याकडे सगळं खरं असतं," दिग्दर्शिका म्हणाली. ती चाळिशीची, बारीक चणीची. मालिकेवर येऊन तिला दीड-दोन वर्षंच झाली होती. "बेड्या खऱ्या, कुलपं खरी. लुटुपुटूचं कुलूप असलं की नटाचा हातही लुटुपुटूचा होतो."

वाटेतल्या भिंतीवर मालिकेतली छायाचित्रं ओळीनं लावली होती. भाऊजी जरा मागे रेंगाळले.

"जुन्या फोटोंची मांडणी किती छान आहे," ते म्हणाले. "साहेब मध्ये, बाकीचे आपापल्या जागी. या नव्या फोटोंत हा माणूस प्रत्येक वेळी त्यांच्या उजव्या कानाशी. चित्राचा तोलच बिघडतो हो."

"तोच दुय्यम," दिग्दर्शिका म्हणाली. "सांगून सांगून थकले. डाव्या बाजूला उभा राहा म्हटलं तर भांडतो."

"परवाच्या प्रसंगाबद्दल सांगा ना," वहिनी म्हणाल्या.

दिग्दर्शिकेचा चेहरा उजळला. "बँकेवर दरोडा पडतो. साहेबांची मुलगी तिथे कामाला असते. तिला गोळी लागते. दुय्यम केबिनमध्ये येतो आणि म्हणतो, 'साहेब, आपली मुलगी गेली.' बस, एवढंच. साहेबांना उत्तराचं मोठं भाषण लिहिलं होतं. त्यांनी त्यातलं एक अक्षर म्हटलं नाही. नुसते बघत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, 'हेल्मेट घातलं होतं ना तिनं?'"

"हेल्मेट?"

"तेवढं वाक्य मी कापणार होते. बँकेत कुठलं आलंय हेल्मेट? पण तो चेहरा! मी वेगवेगळ्या बाजूंनी तीन टेक घेतले. मोठे मोठे नट दुसऱ्या वेळी शिळे होतात. हे नाही झाले. तिन्ही वेळा तेच वाक्य, आणि तिन्ही वेळा अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखं! मी स्वतः टाळ्या वाजवल्या."

"आणि दुय्यम निघून गेला."

"खुपलं त्याला. आधीही माझ्या मागे लागला होता, प्रसंग बदला म्हणून. मुलगी नको, भाऊ दाखवा, मित्र दाखवा, काहीही दाखवा. कारण विचारलं तर तोंडाला कुलूप. साहेबांना एवढं मोठं काम मिळतंय हे बघवलं नाही, दुसरं काय?"

"साहेबांनी काही हरकत घेतली होती?"

"छे! लगेच म्हणाले, करू या."

संकलनाची खोली शेडच्या मागच्या बाजूला, वर माडीवर होती. संकलक पडद्यासमोर डोकं धरून बसला होता. त्याच्या हाती आता कुणी चहाचा कपसुद्धा विश्वासानं देत नव्हतं, असं त्यानंच सांगितलं.

"किल्ली एकच, आणि ती माझ्या खिशात. मग चोर मीच, नाही का? परवा काम आटोपल्यावर डिस्क आत ठेवल्या, कुलूप लावलं, खाली चहाला गेलो. परत आलो तर कपाट बंदच होतं, मी उघडून नाही बघितलं. काल सकाळी उघडलं तर हे. कुलूप तोडलेलं नाही, ओरखडा नाही. तुम्हीच बघा."

वहिनींनी बघितलं. राखाडी रंगाचं दणकट लोखंडी कपाट होतं. दारावर कधीतरी मोठी अक्षरं रंगवली होती आणि नंतर खरवडली होती. 'मु' आणि शेवटचा 'ल' तेवढा उरला होता.

"हे कपाट आणलं कुठून?"

"सेटवरचंच जुनं. नवा सेट उभा राहिला तेव्हा भंगारात निघालं होतं, मी वर उचलून आणलं. कुलूप एक नंबर होतं ना."

"दुय्यमबद्दल तुमचं काय मत?"

"माझं मत? कानाला ताप आहे तो माणूस. मालिकेत त्याच्याकडे मुद्देमालाचा ताबा आहे, म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तूंचा. म्हणून कमरेला हा एवढा किल्ल्यांचा जुडगा. हलला की छुळ्ळ, वळला की छुळ्ळ. ते आवाज पुसण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तरी त्याच्या त्या छुळछुळाटाखाली आणखी काहीतरी कुजबुज असते. अलीकडे तीही पुसायला लागते."

"कसली कुजबुज?"

"कोण जाणे. पाठ करत असेल स्वतःची वाक्यं. तरी येत नाहीतच."

वहिनी कपडेपटात गेल्या. दुय्यमची वर्दी खुंटीला होती. पट्ट्याचा जुडगा त्यांनी हातात घेऊन तोलला. चांगलाच जड होता. त्यांनी तो निर्मात्याकडून मागून घेतला आणि पिशवीत टाकला.

"राजीनामा देणाऱ्याची आठवण म्हणून?" भाऊजींनी विनोद केला.

वहिनी हसल्या नाहीत.

*

दुय्यम एका शाळेच्या रिकाम्या सभागृहात तालीम करत होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, दाढी वाढलेली. त्यांना बघून त्यानं पाण्याची बाटली खाली ठेवली.

"मीच घेतलं असं लिहा आणि मोकळे व्हा," तो म्हणाला. "नाहीतरी सगळ्यांचं ठरलंय."

"लिहिण्याआधी विचारायची सवय आहे मला," वहिनी म्हणाल्या. "परवा सेटवरून निघून का गेलात?"

"वाक्य आठवेना."

"वाक्य तीन-चार शब्दांचं होतं."

"तेच आठवेना."

भाऊजींना राहवलं नाही. "अहो, पण तुमचं ते एकपात्री नाटक! मी गेल्या महिन्यात पाहिलं. दोन तास एकटा माणूस रंगमंचावर, आणि एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी तर थक्क झालो."

दुय्यमनं त्यांच्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "तिथे समोर कुणी नसतं," तो म्हणाला.

"राजीनामा मागे घ्याल?" वहिनींनी विचारलं. "निर्माते कदाचित तुम्हाला माफ करतील."

"नाही. मला आता तिथे जाता येणार नाही."

"येणार नाही, की जायचं नाही?"

त्यानं बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग म्हणाला, "साहेबांना भेटलात?"

"आता जातोय."

"त्यांना माझं नाव काढू नका. एवढं करा."

गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "बघितलंत? घाबरलाय. म्हातारा याच्याविरुद्ध बोलेल ही भीती."

वहिनी काचेतून बाहेर बघत होत्या. "भाऊजी, चोरी करून कुणाची जागा बळकावायची असेल, तर माणूस आपली जागा सोडून जाईल का?"

भाऊजींनी विचार केला. मग पुढचा सिग्नल चुकवला.

*

साहेबांनी स्वतः दार उघडलं. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचे. पडद्यावरचाच तो भरदार आवाज. "या, या! कोणत्या खात्याकडून आलात?"

"खात्यात नाही आता," वहिनी म्हणाल्या. "तुमचं काम बघून आले."

"अरे वा. बसा. चहा टाकायला सांगतो."

त्यांच्या पत्नी चहा घेऊनच बाहेर आल्या. काकू ठेंगण्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण पदर नीट खोचलेला. बैठकीची खोली साधी होती. एका भिंतीवर रंगाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसत होता आणि त्याच्या वर एक रिकामा खिळा होता.

"परवाचा प्रसंग फार सुरेख झाला म्हणे," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान डोलावली.

"हो, सुरेख झाला," साहेब म्हणाले. "चहा घेणार ना? सांगतो हं टाकायला."

भाऊजींनी हातातल्या भरल्या कपाकडे बघितलं.

साहेब आपली कपबशी घेऊन उठले आणि खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर दुचाक्यांची वर्दळ होती. "आज उशीर झाला पोरीला," ते म्हणाले.

"येईल," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा."

वहिनींनी कप खाली ठेवला. दुय्यमला त्यांनी शब्द दिलेला नव्हता, तरी पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. पण विचारणं भाग होतं.

"तुमच्याबरोबर दुय्यमचं काम करतात, ते कसे आहेत हो?"

साहेब वळले. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांचा हात थरथरायला लागला. कप बशीवर खडखडला. "चांगला मुलगा आहे," ते म्हणाले. "फार चांगला मुलगा आहे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते का वाहतंय हे त्यांना ठाऊक नसावं, कारण त्यांनी हातानं गाल पुसून ओल्या बोटांकडे नवलानं बघितलं.

काकूंनी कप काढून घेतला. "थकलेत ते. जरा पडा हो आत."

साहेब मुकाट्यानं आत गेले.

"भाऊजी, तुम्ही खाली थांबा," वहिनी म्हणाल्या. "मला काकूंशी बोलायचंय."

भाऊजी खाली गाडीपाशी येरझाऱ्या घालत राहिले. त्यांचा अंदाज पक्का झाला होता. त्या गुंडानं म्हाताऱ्याला धमकावलंय, नाहीतर नुसतं नाव काढल्यावर माणूस एवढा कापेल कशाला? बऱ्याच वेळानं वहिनी खाली आल्या. त्यांचा चेहरा बघून भाऊजींनी अंदाज सांगितलाच नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे संकलनाच्या खोलीत जमले. निर्माता, दिग्दर्शिका, संकलक. दुय्यम सगळ्यात शेवटी आला आणि दारापाशीच उभा राहिला. त्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती.

"मी जे सांगणार आहे ते काकूंना विचारून सांगतेय," वहिनी म्हणाल्या. "हे या खोलीबाहेर जाणार नाही. ठरलं?"

"ठरलं," निर्माता म्हणाला. "पण चोर कोण?"

वहिनींनी पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यातली एक लांब किल्ली त्यांनी कपाटाला लावली. कुलूप अलगद उघडलं. संकलकानं तोंडावर हात ठेवला.

"या कपाटावर कधीकाळी 'मुद्देमाल' असं लिहिलेलं होतं. तुमच्या ठाण्याचं कपाट हे. तुमच्याकडे सगळं खरं असतं, तेव्हा मुद्देमाल सांभाळणाऱ्याच्या कमरेची किल्लीही खरीच. कपाट वर आलं, किल्ली जुडग्यात राहिली. संकलक चहाला गेले तेव्हा सेट सोडून निघालेले दुय्यम अजून शेडमध्येच, वर्दीतच होते."

"म्हटलं नव्हतं मी?" निर्माता उसळला.

"चोर तुम्ही बरोबर ओळखलात. पण कारण ओळखलं नाहीत. यांना चार वाक्यं आठवत नाहीत म्हणालात. तोच माणूस रंगमंचावर दोन तास न अडखळता बोलतो, हे भाऊजींनी डोळ्यांनी पाहिलंय. मग इथेच का विसरतो? आणि विसरतो कधी? साहेबांना पुढचं सुचेनासं झालं की. लोक याच्यावर चिडतात आणि साहेबांना श्वास घ्यायला वेळ मिळतो."

दिग्दर्शिका दुय्यमकडे बघायला लागली.

"भाऊजी म्हणाले, नव्या फोटोंत चित्राचा तोल बिघडलाय. हा सारखा साहेबांच्या उजव्या कानाशी. संकलकांना किल्ल्यांच्या आवाजाखाली कुजबुज ऐकू येते. स्वतःची वाक्यं कुणी सगळ्यांसमोर कुजबुजतं का? ती साहेबांची वाक्यं होती. गेलं वर्षभर साहेब यांच्या तोंडून आपली वाक्यं ऐकून बोलतायत. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं. साहेबांना विसर पडत चाललाय. फार वेगानं."

निर्मात्यानं रुमाल काढला आणि तो हातातच धरून ठेवला.

"पण त्या दिवशी तर..." दिग्दर्शिका म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी..."

"त्या दिवशी त्यांनी लिहिलेल्यातला एक शब्द म्हटला नाही. बँकेतल्या गोळीबारात गेलेल्या मुलीबद्दल कुणी हेल्मेटचं विचारत नाही." वहिनींनी कपाटाचं दार लोटलं. "साहेबांना एक मुलगी होती. मालिका सुरू व्हायच्या आधी ती स्कूटरवरून घरी येताना गेली. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या भिंतीवर तिचा फोटो होता. हल्ली काकूंनी तो उतरवून ठेवलाय. कारण साहेब तिची रोज वाट बघतात. ती गेली हे ते विसरलेत."

दिग्दर्शिका हळूच खुर्चीवर टेकली.

"आणि त्या दिवशी यांनी त्यांना सांगितलं. वर्दीत, टेबलासमोर उभं राहून. 'साहेब, आपली मुलगी गेली.'"

"तीन वेळा," दुय्यम म्हणाला.

आता तो भिंतीला टेकला. "पहिल्या वेळी मला वाटलं, अभिनय करतायत. मग त्यांनी हेल्मेटचं विचारलं. मला काकूंनी सांगितलं होतं, तिनं घातलं नव्हतं. मी काय उत्तर देणार? तुम्ही कट म्हणालात. टाळ्या झाल्या. प्रकाश बदलेपर्यंत ते सगळं विसरून गेले. मला म्हणाले, आता कुठला प्रसंग रे? आणि तुम्ही म्हणालात, दुसऱ्या बाजूनं घेऊ."

"तू सांगायचंस मला," दिग्दर्शिकेचा आवाज फुटला. "सांगायचंस ना!"

"काकूंना शब्द दिला होता. काम सुटलं की ते पुरते ढासळतील असं त्या म्हणायच्या. इथे आले की त्यांची पाठ ताठ व्हायची. मला वाटलं, आजचा दिवस निभावून नेऊ. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. चौथ्यांदा मला जमलं नसतं."

"पण डिस्क चोरून काय मिळणार होतं?" निर्मात्यानं विचारलं. त्याचा आवाज आता खाली आला होता. "आम्ही पुन्हा चित्रण केलं असतं."

"म्हणूनच राजीनामा," वहिनी म्हणाल्या. "हा नसेल तर बातमी सांगणारा नाही. शुक्रवार तोंडावर, प्रसंग बदलण्याशिवाय तुमच्याकडे इलाज नव्हता. साहेब दर शुक्रवारी घरी बसून मालिका बघतात. त्यांनी ते चौथ्यांदा ऐकू नये आणि लोकांनी त्यावर टाळ्या वाजवू नयेत, एवढंच याला हवं होतं."

"मग आता ये परत," निर्माता म्हणाला. "माझं चुकलं. सगळ्यांचंच चुकलं. साहेबांना सांभाळून घेऊ आपण सगळे. तू हवास तिथे."

दुय्यमनं नकारार्थी मान हलवली. त्यानं वहिनींकडे बघितलं.

"मी खात्यात होते तेव्हा अशी बातमी घेऊन खूप घरी गेलेय," वहिनी हळूच म्हणाल्या. "पुढे कधी त्यातलं कुणी बाजारात भेटलं, तर मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. माझं नाव त्यांना आठवत नसे, तारीख आठवत नसे. पण तोंड आठवायचं. साहेब मुलगी गेल्याचं विसरले. सांगणाऱ्याचा चेहरा त्यांच्या हातापायांत राहिलाय. काल मी नुसता विषय काढला तर त्यांच्या हातातला कप हलायला लागला."

"परवा सकाळी मला ते कळलं," दुय्यम म्हणाला. "मी नेहमीसारखा त्यांना घ्यायला गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकले. 'तू नको येऊस,' म्हणाले. 'बाबा रे, तू नको येऊस.' का ते त्यांनाही सांगता येईना. तिथून मी सरळ इथे आलो आणि राजीनामा दिला."

त्यानं कापडी पिशवी टेबलावर ठेवली. आत दोन्ही डिस्क होत्या, टॉवेलात गुंडाळलेल्या.

"फोडायला गेलो होतो. हात उचलेना. शेवटी त्यांचंच काम आहे."

दिग्दर्शिकेनं डिस्क उचलल्या. एक तिनं यंत्राला जोडली. पडद्यावर छोट्या चौकटीत केबिन दिसलं, आणि टेबलामागे बसलेले साहेब.

"एकदा बघायचं का, मॅडम?" संकलकानं चाचरत विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि तिनं पुसायची कळ दाबली. दुसऱ्या डिस्कचंही तसंच केलं. पुसलं जात असताना कुणी जागचं हललं नाही. ती उभ्यानंच रडत होती.

खाली गाडीशी आल्यावर भाऊजींनी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही.

"मी त्याला गुंड म्हणत होतो हो, वहिनी," ते म्हणाले. "मनातल्या मनात."

"चला," वहिनी म्हणाल्या. "चूक मनातच राहिली, तेवढं बरं."

*

शुक्रवारचा भाग वेगळ्याच प्रसंगानं गेला. पुढच्या काही भागांत साहेब खुर्चीत बसलेले दिसले, दोन-चार शब्द बोलताना. दिग्दर्शिका स्वतः टेबलाखाली बसून ते शब्द सांगायची. मग तेही होईना. मालिकेत एका वाक्यात त्यांची बदली झाली. निर्मात्यानं घरी जाऊन काकूंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, त्यांनी पडू दिलं नाही. दुय्यम मालिकेत परतला नाही.

काही महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, वहिनी काकूंना घेऊन त्याचं नाटक बघायला गेल्या. साहेबांपाशी भाऊजी थांबले होते. ते त्यांना पेन्सिलीनं घोडे, झाडं, जहाजं काढून दाखवत, आणि साहेब प्रत्येक चित्राला "उत्तम" म्हणत.

नाटक संपल्यावर दोघी पडद्यामागे गेल्या. दुय्यम आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसत होता. काकूंना बघून तो ताडकन उठला.

"कसे आहेत?"

"शांत आहेत. जेवण नीट जातं. झोपही लागते," काकू म्हणाल्या. त्यांनी हातातली पर्स या हातातून त्या हातात घेतली. "परवा पेपरात तुझा फोटो आला होता. या नाटकाचा. चांगला मोठा होता. त्यांच्या हाती लागला. बघत बसले. मग डोळ्यांना धार लागली. मला विचारलं, हा कोण गं?"

दुय्यमचा हात गालावरच थांबला.

"मी म्हटलं, कुणी नाही. आपल्या ओळखीचा नाही." काकूंचा आवाज चिरकला. "पेपर उचलून आत ठेवला मी. रागावू नकोस रे बाळा."

अर्धा रंग पुसलेला आणि अर्धा तसाच, अशा चेहऱ्यानं तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"बरं केलंत, काकू," तो म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची पुढे ओढून त्यानं त्यांना बसवलं.